जँगो अ‍ॅप क्लाउड रनवर: डिप्लॉय करण्याचा क्रम आणि गर्दीच्या दिवसाची तयारी

अ‍ॅप क्लाउड रनवर, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या गूगलच्या सेवेवर, लाइव्ह झालं, लिंक उघडली, सगळं चालतंय. मग नोंदणी सुरू होण्याचा दिवस येतो आणि पहिल्या दहा मिनिटांत साइट बसते. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी इन्स्टन्सची (अ‍ॅपच्या चालू प्रतींची) कमाल मर्यादा वाढवतात, आणि त्याने साइट आणखी लवकर बसते. क्लाउड रन तुमच्या अ‍ॅपच्या हव्या तितक्या प्रती काढून देतो, पण डेटाबेसच्या प्रती काढत नाही. प्रत्येक नवी प्रत त्याच एका पोस्टग्रेस डेटाबेसकडे कनेक्शन मागायला जाते.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कमांड गूगलच्या कागदपत्रांत मिळतात. कोणती गोष्ट कधी करायची, हे तिथे सलग सापडत नाही. उदाहरण एका क्लासच्या प्रवेशनोंदणीचं घेऊ: मोबाइल क्रमांक, ओटीपी, फॉर्म, फोटो, पावती. अ‍ॅप जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, डेटाबेस क्लाउड एसक्यूएल या गूगलच्या डेटाबेस सेवेवरचा पोस्टग्रेस.

टप्पा १: काहीही तयार करण्याआधी ठरवायच्या गोष्टी

विभाग, म्हणजे गूगलचे सर्व्हर जिथे आहेत ते ठिकाण, आधी ठरवा. सर्व्हिस आणि डेटाबेस यांचा विभाग तयार झाल्यावर बदलता येत नाही. बदलायचा म्हणजे दुसऱ्या विभागात नव्याने उभारून माहिती हलवायची. विद्यार्थी महाराष्ट्रात असतील तर दोन्ही मुंबई विभागातच हवेत. गूगलच्या नामावलीत त्याचं नाव 'एशिया-साउथ-१'. ट्युटोरियलमधून उचललेल्या कमांडमध्ये बहुतेकदा अमेरिकेतल्या आयोवाचा विभाग असतो आणि तो तसाच राहून जातो. अ‍ॅप मुंबईत आणि डेटाबेस आयोवात असेल, तर प्रत्येक क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) जाण्यायेण्यातच सुमारे पाव सेकंद जातो. एका पानावर तीस क्वेरी असतील, तर ते पान उघडायला सात सेकंद लागणार. मग कोड कितीही सुधारला तरी फरक पडत नाही.

अ‍ॅपसाठी स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रॅमने वापरायचं खातं) तयार करा आणि त्याला फक्त डेटाबेसशी जोडण्याची, ठरावीक सीक्रेट (गुप्त माहिती) वाचण्याची आणि फाइल साठवायच्या एका बकेटमध्ये लिहिण्याची परवानगी द्या. डीफॉल्ट खात्याला बऱ्याच प्रोजेक्टमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार असतात. सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड सीक्रेट मॅनेजरमध्ये ठेवा. गिटमध्ये नको आणि डॉकरफाइलमध्येही नको.

सावधान: बजेट अलर्ट लावाच, पण तो फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. खर्चाला खरा लगाम कमाल इन्स्टन्सच्या मर्यादेचाच असतो. ती टप्पा ६ मध्ये येईल.

टप्पा २: इन्स्टन्सजवळ काहीही साठवू नका

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. क्लाउड रन कोणताही इन्स्टन्स केव्हाही बंद करू शकतो, आणि एकाच विद्यार्थ्याची पहिली विनंती एका इन्स्टन्सकडे तर दुसरी भलत्याच इन्स्टन्सकडे जाऊ शकते. तुमच्या लॅपटॉपवर एकच प्रत चालते, त्यामुळे पुढच्या चुका तिथे कधीच दिसत नाहीत.

ओटीपी. जँगोचं डीफॉल्ट कॅश (तात्पुरता साठा) प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतं. ओटीपी तिथे ठेवला आणि पडताळणीची विनंती दुसऱ्या इन्स्टन्सकडे गेली, की बरोबर आकडा टाकूनही 'चुकीचा ओटीपी' येतो. तोही कधी येतो, कधी नाही, त्यामुळे कारण सापडायला फार वेळ लागतो. छोट्या साइटसाठी रेडिसची (वेगळ्या कॅश सर्व्हरची) घाई नको. पोस्टग्रेसमध्ये ओटीपीचं एक साधं टेबल, त्यात मुदत आणि किती वेळा प्रयत्न झाला याचा आकडा, एवढं पुरतं.

फोटो. इन्स्टन्सची फाइलसिस्टिम मेमरीतच असते. फोटो तिथे सेव्ह केला तर इन्स्टन्ससोबत तो जातो, आणि तोवर इन्स्टन्सची मेमरीही खातो. वेगळं काही सांगितलं नाही तर एका इन्स्टन्सला ५१२ मेबीबाइट मेमरी मिळते. पन्नास जणांनी मोबाइलवरचे मोठे फोटो चढवले की ती संपलीच. फोटो क्लाउड स्टोरेजच्या बकेटमध्ये ठेवा. शक्य असेल तर साइन्ड यूआरएल (ठरावीक वेळेपुरती परवानगी देणारी लिंक) देऊन ब्राउझरकडून थेट बकेटमध्ये चढवून घ्या. नेहमीच्या एचटीटीपी विनंतीला क्लाउड रनवर ३२ मेबीबाइटची मर्यादा आहे, तिचाही प्रश्न त्यातून सुटतो.

मागे चालणारी कामं. उत्तर पाठवून झाल्यावर थ्रेडमध्ये (एकाच प्रोसेसमधल्या समांतर कामात) पावतीचा ईमेल पाठवायचा, ही सवय इथे नडते. विनंतीनुसार बिल होणाऱ्या पद्धतीत विनंती संपली की इन्स्टन्सचा सीपीयू जवळजवळ काढून घेतला जातो. ईमेल अर्धवट अडकतो आणि पुढची विनंती आल्यावर केव्हातरी जातो. अशी कामं क्लाउड टास्क्स या गूगलच्या कामांच्या रांगेकडे सोपवा.

बाहेरच्या सेवा. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला डीफॉल्ट टाइमआउट नाही. एसएमएस पाठवणारी सेवा अडकली की तुमचे थ्रेड तिच्या दारात अमर्याद वेळ उभे राहतात. प्रत्येक बाहेरच्या कॉलला तीन ते पाच सेकंदांचा टाइमआउट द्या, आणि डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून असा कॉल कधीही करू नका.

तपासा: लॅपटॉपवर दोन वेगळ्या पोर्टवर अ‍ॅपच्या दोन प्रती चालवा. एकीवर ओटीपी मागवा, दुसरीवर तो टाका. एकीवर फोटो चढवा, दुसरीवर पाहा. मग दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करा. काहीही हरवलं तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: कंटेनर बांधणे

अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलं की इमेज बनते; ती चालू झाली की कंटेनर. डॉकरफाइल म्हणजे इमेज बांधायची कृती.

अ‍ॅपने ०.०.०.० वर ऐकलं पाहिजे, १२७.०.०.१ वर नाही, कारण दुसऱ्या पत्त्यावर बाहेरच्या विनंत्या पोचत नाहीत. पोर्टचा आकडा कोडमध्ये पक्का लिहू नका, 'पोर्ट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. तो बहुधा ८०८० असतो. 'कंटेनर सुरू होऊन पोर्टवर ऐकू शकला नाही' ही चूक आली की आधी या दोन गोष्टी बघा. त्या ठीक असतील तर लॉग वर सरकवा. बहुतेकदा अ‍ॅप सुरू होतानाच मेलेलं असतं, एखादं व्हेरिएबल राहून गेल्यामुळे.

अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर इमेज बांधत असाल तर ती आर्म पद्धतीची बनते. क्लाउड रनला एक्स-८६, ६४ बिट लिनक्सची लागते. 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसली तर कारण हेच. बांधताना प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगा किंवा इमेज क्लाउड बिल्डवरच बांधा. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण मग टीममध्ये कोणाकडे कोणता लॅपटॉप आहे हा प्रश्नच उरत नाही.

डॉकरफाइलमधली शेवटची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारी, कमांड चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. साध्या ओळीत लिहिली तर मध्ये शेल येतं आणि 'बंद हो' हा सिग्नल गनिकॉर्नपर्यंत (जँगो चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचत नाही. क्लाउड रन हा सिग्नल दिल्यावर १० सेकंद थांबतो आणि मग प्रोसेस मारून टाकतो. सिग्नल पोचला नाही तर हातातली कामं अर्धीच तुटतात.

स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं वगैरे) बिल्डच्या वेळीच गोळा करा आणि व्हाइटनॉइज या पायथन लायब्ररीमधून द्या. इमेजला 'लेटेस्ट' हा टॅग देऊ नका. गिट कमिटचा क्रमांक द्या. अडचणीच्या वेळी नेमकं काय चालू आहे, हे त्यावरूनच कळतं.

जँगोमध्ये तीन सेटिंग्ज हमखास राहतात. डीबग बंद हवं. अलाउड होस्ट्समध्ये (जँगो ज्या पत्त्यांवर उत्तर देतो ती यादी) खऱ्या डोमेनसोबत क्लाउड रनने दिलेला पत्ताही हवा. आणि जँगो ४.० पासून सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समधला (ज्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म स्वीकारायचे ती यादी) पत्ता 'एचटीटीपीएस'सकट पूर्ण लिहावा लागतो. हे शेवटचं चुकलं तर पानं दिसतात, पण फॉर्म भरून पाठवला की ४०३ (परवानगी नाही) येतो.

टप्पा ४: मायग्रेशन वेगळं चालवा, कंटेनर सुरू होताना नाही

कंटेनरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मायग्रेशनची (डेटाबेसमधल्या टेबलांची रचना बदलण्याची) कमांड टाकायची पद्धत फार पसरली आहे. एक इन्स्टन्स असेपर्यंत ती चालून जाते. गर्दीत पाच इन्स्टन्स एकदम उठले की पाचही जण एकाच टेबलावर मायग्रेशन चालवू पाहतात. शिवाय प्रत्येक इन्स्टन्स उठायला जास्त वेळ लागतो, तोही नेमका गर्दीच्या वेळी.

त्याऐवजी त्याच इमेजवरून एक क्लाउड रन जॉब तयार करा. तो एकदा चालतो, संपतो, आणि यशस्वी झाला की नाही ते स्पष्ट सांगतो. क्रम असा: बॅकअप, मग जॉब, आणि त्यानंतर नवी आवृत्ती.

या क्रमात काही मिनिटं जुना कोड नव्या टेबलांवर चालतो. म्हणून प्रत्येक मायग्रेशन जुन्या कोडलाही चालेल असंच हवं. कॉलमचं नाव एका दमात बदलू नका. नवा कॉलम जोडा, दोन्हीकडे लिहा, जुनी माहिती हलवा, आणि जुना कॉलम पुढच्या खेपेला काढा.

जँगोचा एक सापळा अनुभवी लोकांनाही पकडतो. रिकामा न चालणारा नवा कॉलम डीफॉल्ट देऊन जोडला की वाटतं, जुन्या कोडने तो भरला नाही तरी डेटाबेस भरेल. पण जँगो मायग्रेशनपुरतंच ते डीफॉल्ट डेटाबेसमध्ये ठेवतो आणि लगेच काढून टाकतो. मग जुन्या कोडकडून येणारी प्रत्येक नवी नोंद फेटाळली जाते, आणि विद्यार्थ्याला फक्त 'सर्व्हर एरर' दिसते. यावर उपाय दोन: आधी तो कॉलम रिकामा चालेल असा जोडायचा, किंवा जँगो ५.० पासून आलेलं 'डीबी डीफॉल्ट' वापरायचं.

सावधान: चालू साइटच्या मोठ्या टेबलावर इंडेक्स जोडायचा असेल तर पोस्टग्रेसच्या 'कन्करंटली' पद्धतीने जोडा. नाहीतर इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलावर लिहिणं थांबतं.

टप्पा ५: आधी ट्रॅफिकशिवाय डिप्लॉय

क्लाउड रनवर प्रत्येक डिप्लॉयची वेगळी रिव्हिजन (आवृत्ती) बनते. 'नो ट्रॅफिक' हा पर्याय देऊन ती बनवा आणि तिला एक टॅग द्या. टॅगमुळे तिला स्वतंत्र पत्ता मिळतो, जो फक्त तुम्हाला माहीत असतो. तो पत्ताही अलाउड होस्ट्समध्ये बसला पाहिजे, नाहीतर ४०० (चुकीची विनंती) येईल आणि नवी आवृत्तीच बिघडली असं वाटेल.

त्या पत्त्यावर पूर्ण नोंदणी एकदा स्वतः करा: ओटीपी, फॉर्म, फोटो, पावती. फक्त मुख्य पान उघडून समाधान मानू नका. मुख्य पान बहुतेक वेळा चालतंच.

मग ५ टक्के ट्रॅफिक नव्या रिव्हिजनकडे वळवा. दहा मिनिटं लॉग बघा, मग ५० टक्के, मग १००. बिघाड दिसला तर ट्रॅफिक जुन्या रिव्हिजनकडे परत वळवायला काही सेकंद लागतात. पण डेटाबेस मागे जात नाही. टप्पा ४ मधली काळजी घेतली असेल तरच हा परतीचा रस्ता उघडा राहतो.

इथे नेहमी होणारी चूक: ट्रॅफिक एकदा हाताने वाटून दिलं की पुढचं डिप्लॉय आपोआप लाइव्ह होत नाही. 'डिप्लॉय यशस्वी झालं, पण बदल दिसत नाही' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. ट्रॅफिकची विभागणी उघडून बघा.

डोमेन जोडण्यासाठी बाहेरचा लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या पुढे वाटून देणारी सेवा) वापरा. त्याचा खर्च वेगळा येतो, तो आधीच धरून ठेवा.

टप्पा ६: कनेक्शनचा हिशेब

आता स्केलिंग, म्हणजे गर्दीनुसार इन्स्टन्स वाढवणं-कमी करणं. आधी कागदावर.

क्लाउड एसक्यूएलवर पोस्टग्रेसची कनेक्शन मर्यादा यंत्राच्या मेमरीवर ठरते. ३.७५ जीबी मेमरीच्या यंत्राला डीफॉल्ट १०० कनेक्शन मिळतात. सगळ्यात छोट्या सामायिक यंत्राला फक्त २५. आपलं यंत्र १०० वालं आहे असं धरू. त्यातली ३ पोस्टग्रेस सुपरयूजरसाठी राखून ठेवतो. मायग्रेशन जॉब, तुमची स्वतःची तपासणी, क्लाउड टास्क्सची कामं यांसाठी १७ बाजूला काढा. उरली ८०.

गनिकॉर्न एक वर्कर (प्रोसेस) आणि ८ थ्रेडवर चालवा. प्रत्येक थ्रेड स्वतःचं कनेक्शन घेतो, म्हणजे एका इन्स्टन्सला जास्तीत जास्त ८. ८० भागिले ८, म्हणजे १० इन्स्टन्स.

पण कमाल इन्स्टन्स म्हणून १० भरायचे नाहीत, ५ भरायचे. कारण टप्पा ५ मध्ये ट्रॅफिक वळवताना जुनी आणि नवी अशा दोन्ही रिव्हिजन चालू असतात आणि दोघीही आपापल्या मर्यादेपर्यंत जाऊ शकतात. दोन्ही मिळून १० झाले की ८० कनेक्शन भरली. शिवाय क्लाउड रन ही मर्यादा काही क्षण ओलांडू शकतो, त्यासाठीही बाजूला काढलेली कनेक्शन उपयोगी पडतात.

आता कन्करन्सी, म्हणजे एका इन्स्टन्सकडे एका वेळी किती विनंत्या पाठवायच्या तो आकडा. एका व्हीसीपीयूच्या (आभासी सीपीयूच्या) इन्स्टन्सला ती डीफॉल्ट ८० असते. म्हणजे क्लाउड रन समजतो की एक इन्स्टन्स एका वेळी ८० विनंत्या हाताळेल. तुमचा गनिकॉर्न मात्र ८च हाताळतो. उरलेल्या ७२ आतल्या आत रांगेत उभ्या राहतात, आणि क्लाउड रनला नवा इन्स्टन्स उठवायचं कारणच दिसत नाही. सीपीयू शांत, मेमरी शांत, आणि पान मात्र वीस सेकंद उघडत नाही. कन्करन्सी थ्रेडच्या संख्येइतकी, म्हणजे ८ ठेवा. या एका आकड्यामुळे जितक्या साइट अडतात, तितक्या खऱ्या गर्दीमुळे अडत नसतील असं माझं मत आहे.

जँगोचं 'कॉन मॅक्स एज' (कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ते सेटिंग) सुरुवातीला शून्य राहू द्या. ते वाढवलं तर रिकामे बसलेले इन्स्टन्सही कनेक्शन धरून बसतात, कारण मुदत संपली की नाही हे जँगो विनंती आली-गेली तेव्हाच तपासतो. डेटाबेस त्याच विभागात असेल तर दर वेळी नवं कनेक्शन घेण्याचा तोटा सोसण्याजोगा असतो.

तपासा: (कमाल इन्स्टन्स × २ × थ्रेड) + राखीव कनेक्शन, हा आकडा डेटाबेसच्या मर्यादेपेक्षा जास्त नसावा.

टप्पा ७: भार देऊन पाहणे

गर्दीचा अंदाज सेकंदाला किती विनंत्या, असा मांडा. सेकंदाला ५० विनंत्या आणि प्रत्येकीला सरासरी ०.४ सेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी २० विनंत्या चालू. क्लाउड रन इन्स्टन्स काठोकाठ भरत नाही, साधारण ६० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. ८ थ्रेडमधले पाच धरले तर ४ इन्स्टन्स लागतील. आपल्या ५ मध्ये बसलं.

सेकंदाला २०० विनंत्या येणार असतील तर? ८० चालू विनंत्या, म्हणजे १६ इन्स्टन्स, १२८ कनेक्शन. बसत नाही. इथे आधी ०.४ सेकंदाकडे बघा. नोंदणीच्या पानावर यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी जात असेल, तर 'सिलेक्ट रिलेटेड' लावून (संबंधित माहिती एकाच क्वेरीत आणून) वेळ निम्म्यावर येऊ शकतो, आणि इन्स्टन्सही निम्मे लागतात. ते करून झाल्यावरच मोठं यंत्र किंवा मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम). पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवलात तर जँगोमध्ये सर्व्हर-साइड कर्सर बंद करावे लागतात.

चाचणीसाठी लोकस्ट हे भार देणारं साधन घ्या, त्यातली चाचणी पायथनमध्येच लिहिता येते. चाचणी वेगळ्या डेटाबेसवर करा, पण यंत्र तेवढ्याच आकाराचं आणि माहितीही खऱ्याइतकी हवी. दहा ओळींच्या टेबलावर सगळंच वेगवान असतं. एसएमएसचा कॉल मात्र चाचणीत खोटा ठेवा.

टप्पा ८: गर्दीचा दिवस

आदल्या दिवशी कोड गोठवा. डेटाबेसचं यंत्र मोठं करायचं असेल तर आदल्या रात्रीच करा, कारण आकार बदलताना तो रीस्टार्ट होतो. किमान इन्स्टन्स २ किंवा ३ करा, म्हणजे पहिल्या विद्यार्थ्यांना अ‍ॅप उठेपर्यंत थांबावं लागणार नाही. एसएमएस सेवेची दर मिनिटाची मर्यादा आधीच विचारून घ्या.

त्या दिवशी तीन आकड्यांवर लक्ष ठेवा: प्रतिसादाचा ९५वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेत पूर्ण होतात ती वेळ), डेटाबेसची चालू कनेक्शन, आणि ४२९ (मोकळा इन्स्टन्स नाही) व ५०० (सर्व्हर एरर) च्या चुका.

४२९ येत आहेत आणि डेटाबेसमध्ये जागा आहे: क्लाउड रनला इन्स्टन्स कमी पडतायत. कमाल मर्यादा थोडी वाढवा आणि त्या दिवशी नवं डिप्लॉय करू नका.

पोस्टग्रेसकडून 'टू मेनी क्लायंट्स' येतंय: कमाल इन्स्टन्सची मर्यादा कमी करा. काही जणांना थांबावं लागेल, पण जे आत आहेत त्यांची नोंदणी पूर्ण होईल.

दोन्ही शांत आहेत तरी पान हळू: बाहेरची सेवा अडकली आहे. एसएमएसपासून बघायला लागा.

गर्दी ओसरली की किमान इन्स्टन्स परत शून्यावर किंवा एकावर आणा. ते रिकामे असले तरी त्यांचे पैसे लागतात. जुन्या रिव्हिजनवरचे टॅगही काढा. रिव्हिजनच्या पातळीवर किमान इन्स्टन्स दिलेले असतील, तर टॅग लागलेली जुनी रिव्हिजन ट्रॅफिक नसतानाही ते जागे ठेवते आणि बिल चालू राहतं.